नवा टॅब्लेट आला, घ्यायचा का?



एप्रिल २०२५ मधली आपली पालकसभा बऱ्याच जणांना आठवत असेल. विषय खरं तर पाडव्याच्या कार्यक्रमाच्या हिशेबाचा होता. तो दहा मिनिटांत संपला आणि पुढचा दीड तास टॅब्लेटवर गेला. १२ मार्चला ॲपलचा नवा आयपॅड दुकानांत आला होता. कुणीतरी सुचवलं की वर्गातल्या सगळ्याच मुलांनी तो घ्यावा. बालभारतीची पुस्तकं त्यावर वाचता येतील, दर रविवारी झेरॉक्सचे गठ्ठे वाहायला नकोत, आणि मुलं जरा हौसेने मराठीला बसतील. सूचना चांगल्या मनाने केलेली होती. माना डोलल्या. मग कुणीतरी म्हणालं, "आपल्यात कॉम्प्युटरवाले आहेतच की, तेच सांगतील," आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझी धाकटी तेव्हा तिसरीत होती. खिडकीपाशी उभी राहून ती मैत्रिणींना सांगत होती, "बाबा हो म्हणणार, मला माहितेय."

सभा संपल्यावर खाली सायकली लावतात तिथे एक आई थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला तीन मुलं. एक लाख शहात्तर हजार चारशे येन होतात." हा गुणाकार त्यांनी सभेत बसल्या बसल्याच केला होता. "सगळ्यांनी घेतला तर मी माझ्या मुलांना नाही कशी म्हणू? आणि वर्ग सोडायचा तर जीव होत नाही." मला काही उत्तर सुचलं नाही. "बघतो," एवढंच म्हणालो.

पुढचे काही आठवडे मी जे पाहिलं आणि मोजलं, ते लिहून द्या असं संपादक ताईंनी सांगितलं, कारण दर काही महिन्यांनी नवं यंत्र निघतं आणि प्रश्न पुन्हा तोच येतो. मॉडेलचं नाव बदलतं, तपासण्याची रीत फारशी बदलत नाही. म्हणून त्या आयपॅडचंच उदाहरण धरून लिहितो.

आधी आत काय असतं ते पाहू. मुलांनो, टॅब्लेट म्हणजे एक छोटं स्वयंपाकघर समजा. चिप म्हणजे स्वयंपाक करणारी आजी. रॅम म्हणजे ओटा. आणि स्टोरेज म्हणजे फडताळ. आजी कितीही चपळ असली तरी ओटा अरुंद असेल तर एका वेळी एकच पदार्थ होतो, दुसरा करायला आधीचं सगळं उचलून ठेवावं लागतं. टॅब्लेटवर पुस्तक उघडलं की मागचं चित्रकलेचं पान पुन्हा पहिल्यापासून उघडतं, ते ओटा भरल्यामुळे. आणि फडताळ भरलं की नवीन सामान आणताच येत नाही. दुकानातला माणूस आजीचं कौतुक फार करतो, ओट्याबद्दल विचारलं तरच बोलतो.

मार्च २०२५ च्या त्या आयपॅडमधली आजी म्हणजे ए१६ नावाची चिप. यंत्र नवं असलं तरी आजी नवी नव्हती. हीच चिप सप्टेंबर २०२२ मध्ये आयफोन १४ प्रो मध्ये पहिल्यांदा आली होती, आणि आयपॅडमध्ये ती थोडी कमी ताकदीची करून बसवली होती. यात फसवणूक काही नाही. पुस्तक वाचणं, आजोबांशी व्हिडिओवर बोलणं, चित्र काढणं या कामांना ती भरपूर आहे. पण 'नवा' या शब्दासाठी जास्त पैसे मोजताना तो नवेपणा नक्की कशात आहे ते विचारावं. त्या वेळी दुकानांत ॲपलच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयींचे मोठे फलक लावले होते. त्या सोयी या सर्वांत स्वस्त आयपॅडवर चालत नाहीत, हे फलकावर शोधावं लागत होतं.

फडताळाचा हिशेब मात्र मुलांनी स्वतः करून पाहावा. या यंत्रात कमीत कमी १२८ जीबी जागा होती. एक जीबी म्हणजे साधारण हजार एमबी. बालभारतीची पुस्तकं मंडळाच्या संकेतस्थळावरून पीडीएफ म्हणून फुकट उतरवता येतात. एक पुस्तक सढळ हाताने ५० एमबीचं धरलं तरी दहा पुस्तकं ५०० एमबी, म्हणजे अर्धा जीबी. अख्ख्या फडताळाचा अर्धा टक्कासुद्धा नाही! याउलट उत्तम प्रतीचं, म्हणजे फोर-के प्रकारचं चित्रीकरण मिनिटाला सुमारे १७० एमबी खातं. गणपतीच्या कार्यक्रमाचं तासभर चित्रीकरण केलं की १० जीबी गेले. तेव्हा जागा पुस्तकांनी भरत नाही, आईबाबांच्या हौसेने भरते. पुस्तकांसाठी म्हणून २५६ जीबीचं महाग मॉडेल घ्यायचं काही कारण नाही.

आता किंमत. ५८,८०० येन, कर धरून. हा आकडा आला कुठून, या कुतूहलाने मी जुन्या किमती काढून बसलो आणि तो भाग मला सगळ्यात रंजक वाटला.

जपानमध्ये पहिला आयपॅड २८ मे २०१० ला आला, तेव्हा सर्वांत साधं मॉडेल ४८,८०० येनला होतं. पुढे २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आलेला नववा आयपॅड ३९,८०० येनला मिळायचा. मग १ जुलै २०२२ ला तेच यंत्र, तोच खोका, एका रात्रीत ४९,८०० येनचं झालं. अमेरिकेत त्याची किंमत होती तशीच राहिली, ३२९ डॉलर. मग इथे दहा हजार येन कशाचे वाढले? येनचे. मुलांनो, कॅल्क्युलेटर घ्या. २०२१ मध्ये एक डॉलर साधारण ११० येनला पडत होता. ३२९ गुणिले ११०, त्यावर दहा टक्के कर. उत्तर ३९,८०९. दुकानातली किंमत ३९,८००! जुलै २०२२ मध्ये डॉलर १३५ च्या आसपास गेला होता. पुन्हा तोच गुणाकार केला की ४८,८५६ येतात, किंमत लागली ४९,८००. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेला दहावा आयपॅड तर ६८,८०० ला होता. तो २०२४ मध्ये ५८,८०० पर्यंत उतरला, आणि मार्च २०२५ चं मॉडेल त्याच किमतीत पण दुप्पट जागा देऊन आलं. अमेरिकेतली किंमत ३४९ डॉलर, दर दीडशेच्या जरासा खाली. गुणाकार करून पाहा, जवळ येतो की नाही ते.

याचा व्यवहारातला अर्थ असा. "थांबू या, पुढच्या वर्षी स्वस्त होईल," हे आमच्या लहानपणी कॉम्प्युटरच्या बाबतीत खरं असायचं. इथे ते यंत्रापेक्षा चलनावर जास्त अवलंबून आहे. आणि पगार येनमध्ये असणाऱ्यांनी अमेरिकेतल्या मावशीने सांगितलेली किंमत ऐकून हळहळू नये, तिच्या आकड्यात विक्रीकर धरलेला नसतो. भारतात याच मॉडेलची किंमत ३४,९०० रुपये होती. तेव्हा एका येनला ५८ पैशांच्या आसपास मिळत, म्हणजे हिशेब जवळजवळ सारखाच. सुट्टीत जाऊन तिकडून आणण्यात काही राम नव्हता, आणि इकडून नेण्यातही.

शिवाय ५८,८०० वर व्यवहार थांबत नाही. लहान मुलाच्या हातात द्यायचा तर कव्हर हवंच. अक्षर गिरवायचं तर पेन्सिल हवी, ती वेगळी. या यंत्राला यूएसबी-सी ची जी स्वस्त पेन्सिल चालते तिला हाताचा दाब कळत नाही. हलकं टेकवा नाही तर दाबून लिहा, रेघ सारखीच जाड. शिवाय या आयपॅडच्या काचेत आणि खालच्या चित्रात एक बारीक फट असते, त्यामुळे पेन्सिलीचं टोक एकीकडे आणि रेघ किंचित खाली उमटते असं वाटतं. चित्रकाराला हे खुपतं. ज्या मुलाला 'क्ष' कुठून सुरू करायचा हेच अजून नक्की नाही, त्यालाही खुपतं.

यंत्र किती वर्षं चालेल हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा, पण सभेत तो कुणी विचारला नव्हता. टॅब्लेट सहसा तुटून मरत नाही. त्याला नवीन प्रणाली मिळणं बंद होतं, मग हळूहळू एकेक ॲप 'तुमचं यंत्र जुनं झालं' म्हणू लागतं. २०१० च्या पहिल्या आयपॅडला २०१२ चीच प्रणाली मिळाली नाही. दोन वर्षांत संपला! पुढची यंत्रं जास्त टिकली. २०१७ चा आयपॅड २०२३ मध्ये मागे पडला, २०१८ चा २०२४ मध्ये, २०१९ चा सप्टेंबर २०२५ मध्ये. म्हणजे अलीकडे सहा वर्षं धरायला हरकत नाही. ५८,८०० भागिले सहा, वर्षाला ९,८०० येन, महिन्याला सुमारे ८१७. बॅटरीबद्दल कंपनी म्हणते की पूर्ण हजार वेळा चार्ज झाल्यावर ती मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत राहील अशी बनवली आहे. रोज पूर्ण वापरली तरी पावणेतीन वर्षं झाली, आणि आपली मुलं रोज पूर्ण वापरणार नाहीत अशी आशा आहे.

याच भागाकाराने जुन्या यंत्राचाही निवाडा होतो. ओसुमध्ये, कान्नोनच्या देवळापासून पुढे गल्ल्यांत, जुन्या यंत्रांची दुकानं आहेत, तिथे थोरल्याला घेऊन एक शनिवार घालवला. समजा तीन वर्षं वापरलेला आयपॅड निम्म्या किमतीत, २९,४०० ला मिळतोय. स्वस्त वाटतो. पण त्याची तीनच वर्षं उरली. २९,४०० भागिले तीन, पुन्हा ९,८०० च! म्हणजे एका येनचीही बचत नाही, उलट थकलेली बॅटरी गळ्यात. तीन वर्षांचं यंत्र निम्म्याहून बरंच खाली मिळत असेल तरच हात घालावा. थोरला हे गणित फोनवर करत दुकानभर फिरला आणि शेवटी एका खोक्यापाशी थांबून म्हणाला, "बाबा, हे पाच वर्षांचं आहे, म्हणजे हे फुकट दिलं तरच परवडेल." दुकानदाराला मराठी येत नव्हतं हे बरं.

इथपर्यंतचा प्रश्न होता, यंत्र चांगलं आहे का. आहे. पण आपला प्रश्न होता, मराठी शिकायला ते लागतं का. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची गल्लत होऊन बरेच पैसे खर्च झाल्याची उदाहरणं आहेत.

रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैरात नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेचे छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. या योजनेचा भारतातला अगदी सुरुवातीचा प्रयोग तोच. ते यंत्र फार हुशारीने बनवलेलं होतं. पडदा फिरवून पाटीसारखा आडवा करता यायचा, भर उन्हात वाचता यायचा, वीज कमी खायचं. शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून जगभर त्याचा गाजावाजा झाला, प्रत्यक्षात किंमत दोनशेच्या आसपास गेली. याच योजनेत पेरू देशाने लाखो यंत्रं वाटली. तिथल्या खेड्यांतल्या ३१९ शाळांची नीट तपासणी झाली, तिचा अहवाल २०१२ मध्ये आला. गणित आणि भाषा या दोन्ही विषयांच्या गुणांत फरक पडल्याचा पुरावा सापडला नाही. सर्वसाधारण विचारशक्तीच्या चाचण्यांत थोडा फायदा दिसला. मुलं यंत्र वापरायला शिकली, यंत्रामुळे भाषा शिकली नाहीत.

दुसरं उदाहरण आपल्या 'आकाश'चं. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत कपिल सिब्बल यांनी तो जाहीर केला, जगातला सर्वांत स्वस्त टॅब्लेट म्हणून. डेटाविंड कंपनीने बनवलेला, सात इंची, सरकारला पडणारी किंमत सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास. मी तेव्हा ती बातमी वाचून खरंच हरखलो होतो. पण त्याचा पडदा रेझिस्टिव्ह प्रकारचा होता. म्हणजे काय? दोन पातळ थर, मध्ये फट. बोटाने दाबलं की वरचा थर खालच्याला टेकतो आणि यंत्राला जागा कळते. दाबावं मात्र लागतं. आजच्या टॅब्लेटचा पडदा कपॅसिटिव्ह. त्याला दाब नको, तुमच्या बोटातून वीज वाहू शकते याची त्याला चाहूल लागते. म्हणून तर फेब्रुवारीत लोकरी हातमोजे घालून स्टेशनवर फोन उघडत नाही! आकाशवर बोट दामटून फिरवावं लागे, प्रोसेसर धीमा, बॅटरी दोन-तीन तासांची. पुढे काम मुंबईच्या आयआयटीकडे आलं, प्राध्यापक दीपक फाटक यांच्या पुढाकाराने ते चाललं आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये 'आकाश २' निघाला. पडदा कपॅसिटिव्ह, प्रोसेसर एक गिगाहर्ट्झचा, रॅम दुप्पट. सुधारणा खरी होती. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की 'स्वस्त' या शब्दाने पहिल्या वेळी बाकीचे प्रश्न झाकून टाकले होते. आपल्या सभेत 'नवा' या शब्दाने तेच केलं.

शिवाय मुलांच्या दप्तरात एक यंत्र आधीच आहे. जपान सरकारने २०१९ च्या डिसेंबरमध्ये गिगा स्कूल योजना जाहीर केली, प्राथमिक आणि माध्यमिक शाळांतल्या प्रत्येक मुलामागे एक यंत्र. कोरोनामुळे ती घाईने पुरी करून मार्च २०२१ पर्यंत बहुतेक ठिकाणी यंत्रं पोचवली. दुसऱ्या फेरीत सरकार एका यंत्रामागे ५५,००० येनपर्यंत हिशेब धरतं. म्हणजे जवळजवळ आपल्या आयपॅडच्या किमतीचं यंत्र रांदोसेरुमध्ये रोज जा-ये करतं. पण ते शाळेचं. आमच्या थोरल्याच्या यंत्रात मराठी कळफलक चढवता आला नाही, आणि ते योग्यच आहे. शाळेच्या यंत्रावर कोण काय चढवतं आणि कोण काय नोंदवून ठेवतं याला नियम हवेतच. जून २०२१ मध्ये नागोया शहराने शाळांतल्या टॅब्लेटचा वापर काही काळ थांबवला होता, कारण वापराच्या नोंदी गोळा करण्याची पद्धत शहराच्या वैयक्तिक माहितीच्या नियमांत बसते का, असा प्रश्न उभा राहिला होता. आपण घरी घेतलेल्या टॅब्लेटबद्दल हा प्रश्न आपल्याला कुणी विचारत नाही. आपणच स्वतःला विचारायचा.

मग एका रविवारी वर्ग संपल्यावर धाकटीला घेऊन साकाएला गेलो. नमुन्याचा आयपॅड मांडलेला होता. दुकानातल्या ताईंना विचारून मराठी कळफलक लावला आणि धाकटीला म्हटलं, "दोन शब्द लिही. दर्या आणि दऱ्या." मुलांनो, तुम्हाला फरक माहीत आहे ना? दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. एकात रफार, दुसऱ्यात चंद्रकोरीसारखा आडवा र. हिंदीत हा आडवा र लागत नाही, त्यामुळे देवनागरी म्हणून जे विकतात त्यात तो कधी कधी विसरला जातो. तिच्या वर्गातल्या बाईंनी हे शिकवून दोनच आठवडे झाले होते. तिने दर्या पटकन लिहिलं. दऱ्यासाठी तीन मिनिटं लागली, पण सापडला. मग ॲप आणि बॅट मधला ॲ, मग बाळ, शाळा, वाङ्मय. पाकळीचा ल आणि गाठीचा श मराठीसारखे दिसतात की हिंदीसारखे, तेही पाहिलं. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात आपल्या वर्णमालेतली अक्षरं कशी असावीत ते ठरवून दिलं होतं, पण फॉन्ट बनवणारे ते वाचतातच असं नाही. कुठलंही यंत्र घेताना ही परीक्षा जरूर घ्या. पाच मिनिटं लागतात, फुकट आहे, आणि दुकानातल्या ताईंना भारी गंमत वाटते.

यंत्र पास झालं. धाकटी माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी तेव्हाही हो म्हटलं नाही. आमच्या घरी एक जुना टॅब्लेट होता, तो बाईंच्या परवानगीने तीन रविवार वर्गात नेला. बाईंनी चार-चार मुलांच्या गटाला आळीपाळीने दिला आणि मी मागे बसून पाहिलं. पहिल्या रविवारी सगळ्यांना तो हवा होता. दुसऱ्या रविवारी धडा वाचायला दोघांनी मागितला, बाकीच्यांनी झेरॉक्सच घेतली, कारण तिच्यावर शब्दांचे जपानी अर्थ पेन्सिलीने लिहिता येतात. अक्षरं गिरवताना तर स्पष्टच दिसलं. बोटाने काचेवर काढलेला 'ज्ञ' दुरेघी वहीत उतरत नव्हता. काच गुळगुळीत, बोट घसरतं. कागद किंचित अडवतो, त्या अडवण्यातच वळण बसतं.

एक गोष्ट मात्र फार छान चालली. मुलांनी धडा मोठ्याने वाचायचा, तो ध्वनिमुद्रित करायचा आणि भारतातल्या आजीआजोबांना पाठवायचा. उत्तरादाखल सांगलीहून आमच्या आईने तोच धडा तिच्या ठसक्यात वाचून पाठवला, मध्ये दोनदा थांबून "पाणी पिते हं," असंही. धाकटीने तो सहा वेळा ऐकला. पण खरं सांगायचं तर एवढ्यासाठी फोनसुद्धा पुरतो.

तेव्हा मी सभेत लिहून दिलं ते असं. वर्गासाठी टॅब्लेट सक्तीचा करू नये, 'ऐच्छिक पण सगळे घेताहेत' असाही करू नये, कारण लहान मुलांच्या जगात त्याला सक्तीच म्हणतात. ज्या घरी फोनखेरीज दुसरा मोठा पडदाच नाही आणि मुलं वाचत्या वयाची आहेत, त्यांना हे यंत्र सहा वर्षांच्या हिशेबाने महाग नाही, त्यांनी मोकळ्या मनाने घ्यावं. भावंडांत एक पुरेल. ज्यांच्याकडे चालू अवस्थेतला लॅपटॉप किंवा जुना टॅब्लेट आहे त्यांनी मराठीच्या नावावर नवा घेऊ नये. स्वतःच्या हौसेसाठी घ्यायचा असेल तर हौस म्हणून घ्यावा, त्यात काही चूक नाही, फक्त त्याचं बिल मायबोलीच्या नावाने फाडू नये. पहिली-दुसरीच्या मुलांना वहीच बरी. आणि टॅब्लेट असो की शाळेचं यंत्र, जपानच्या शिक्षण मंत्रालयाने मुलांना सांगितलेला नियम आपल्याही घरी लावावा. डोळ्यांपासून तीस सेंटिमीटर लांब, आणि दर अर्ध्या तासाने वीस सेकंद तरी खिडकीबाहेर दूर पाहायचं.

यावर एका काकांचं म्हणणं पडलं की मी उगाच काटकसर शिकवतोय, मुलं पुढे जायला हवीत. त्यांचंही सगळंच चूक नाही. माझा कल मुळात जुनी यंत्रं चालवत ठेवण्याकडे आहे, घरात त्यावरून मला बोलणी बसतात, हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. पण सायकलींपाशी थांबलेल्या त्या आई पुढच्या रविवारी तिन्ही मुलांना घेऊन आल्या, नेहमीसारख्या दहा मिनिटं उशिरा, आणि मला तेवढं पुरलं. धाकटी दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "मग आजीला घेऊ या का एक? तिला फोनवर आपण बारीक दिसतो." या प्रश्नावर माझ्याकडे कुठलाच भागाकार नव्हता. दिवाळीत सांगलीला आयपॅड पोचला.

आता कामाचं. सभेत ठरल्याप्रमाणे वर्गासाठी दोन-तीन सामायिक टॅब्लेट जमवायचे आहेत. घरात पडून असलेला, अजून चार्ज होणारा टॅब्लेट असेल तर रविवारी घेऊन या. आणण्याआधी तीन गोष्टी करा. फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. मग सेटिंगमध्ये जाऊन आपलं खातं त्यातून बाहेर काढा, आयपॅड असेल तर 'फाइंड माय' बंद करा, आणि शेवटी सगळं पुसून टाका. क्रम हाच ठेवा. खातं न काढता नुसतं यंत्र दिलंत तर ते चोरीचं समजून कुलूप लावून बसतं आणि तुमचा पासवर्ड मागतं. मागच्या वेळी एक टॅब्लेट असाच आला, त्याचे मालक तोवर बंगळुरूला बदलून गेले होते. तो अजून वर्गाच्या कपाटात आहे, कागद उडू नयेत म्हणून वर ठेवायला वापरतो.